चौकोनी अब्बा

चार रिकामटेकडे एका दुकानात रोज बसले की किस्से आपोआप साचतात! चंद्रपुरात नासिरचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. दोन हजार सालानंतरचे दिवस. मी तिथला कायमचा चहावाला, म्हणजे फुकट पिणारा.

*

नासिरचे अब्बा वडशाच्या एका नाटक मंडळीत पेटी वाजवायचे. ते गेले आणि मग लक्षात आलं, घरात त्यांचा एक धड फोटो नाही. बाजारात त्या मंडळीच्या नाटकाची व्हीसीडी मिळाली. स्टेजच्या कोपऱ्यात पेटीवाला दिसत होता. त्या मंडळीत पेटीवर दुसरं कोण असणार? पण चित्र स्क्रीनभर मोठं केलं की चेहऱ्याचे नुसते ठोकळे व्हायचे.

अम्मी वडशाच्या, बोलणं अस्सल झाडीपट्टीचं. म्हणाल्या, "पेटी चौकोनी रायते, हे मले मालूम हाये. पण तुह्या अब्बाले काऊन चौकोनी केलं?"

आम्ही हसलो. नासिर हसला नाही. अम्मीला अब्बांचा चेहरा दाखवायचाच, असं त्यानं त्याच दिवशी ठरवलं.

*

नासिर लिनक्सवाला, विंडोज न वापरणारा. स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यात कुणालाही उघडून वाचता यायचा, बदलता यायचा. एका दुपारी तो वाचता वाचता ओरडला, "सगळा दोष या ड्रायव्हरचा हाये! याले कामच येत नाई!"

बाकावर मुलचेऱ्याच्या गाडीवरचे एसटी ड्रायव्हर बसले होते, दुरुस्तीला दिलेला सीपीयू घ्यायला आलेले. ते ताडकन उठले. "ओ भाऊ! पयले रस्ता पाहा, मंग बोला!"

त्यांना चहा पाजून शांत करावं लागलं. तो खर्चही माझ्या नावावर नाही, हे बरं झालं.

*

दोष काय होता, ते नासिरनं शेजारच्या झेरॉक्सवाल्या देवरावभाऊंना समजावलं. चित्र मोठं करताना ड्रायव्हर एकाच ठिपक्याच्या कॉप्या छापतो, म्हणून ठोकळे. "आता मी असं करून राह्यलो, का मधल्या ठिपक्याचा रंग आजूबाजूच्या शेजाऱ्यांले विचारून ठरवायचा."

देवरावभाऊ म्हणाले, "शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं? मंग झालं कल्याण!"

*

पहिला प्रयत्न जरा जास्तच गुळगुळीत झाला. स्टेज, नट, पेटी, सगळं धुक्यात. अम्मींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग स्क्रीन पुसली. शेवटी पोराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "थकला असशीन बेटा. भाकर खाऊन घे."

*

नासिरनं आपला कोड ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशी माणसाला मेल केला. सोबत तपासायला त्याच नाटकाचा छोटा तुकडा, वहिनीला घराबाहेर काढतात तो. उत्तरं यायची: कडा फाटतात, वेग कमी पडतो, पुन्हा करा. बिचारा पुन्हा पुन्हा करायचा. सायबर कॅफेवाला त्याला पाहिलं की न विचारता कोपऱ्यातली मशीन चालू करायचा.

अखेर मेल आली: 'बदल स्वीकारला. चित्र उत्तम. हा तुकडा मी इतक्या वेळा पाहिलाय, की आता राहवत नाही. त्या वहिनीला घरात परत घेतलं का?'

*

मग अम्मींना दुकानात बोलावलं. नासिरनं स्वतःची खुर्ची दिली, व्हीसीडी लावली, चित्र स्क्रीनभर केलं. काय सांगू, ठोकळे गेले होते! पेटीवाल्याचं नाक, दाढी, मिटलेले डोळे, सगळं दिसत होतं.

अम्मी पुढं वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुहे अब्बा नाईत."

नासिरचा चेहरा पाहवत नव्हता. तो बंद करायला गेला, तर अम्मींनी त्याचा हात धरला.

"बंद नोको करू," त्या म्हणाल्या. "पयले चौकोनी दिसत होतं ना, तसंच करून दे."