पुठ्ठेकाकांची टाचणी

पुठ्ठेकाका पुस्तकं बांधायचे. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही कधी पडली नाही. समोरच्या छापखान्यात मी प्रुफं तपासायचो, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी त्यांच्या दुकानात चक्कर व्हायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात कटिंग मशीन, मधे शिलाईचं टेबल, मागच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी कपाट आणि सगळीकडे खळीचा वास. वरच्या मजल्यावर काका-काकू राहायचे.

काकांना बांधायला आलेलं पुस्तक वाचायची सवय होती, पण हाताखाली येईल तेवढंच. पुस्तक शिवताना सोळा-सोळा पानांचे फर्मे असतात. जो फर्मा समोर पडेल तो ते वाचून काढायचे आणि शिवून झाला की विषय संपला. त्यामुळे त्यांना जगातलं सगळं थोडं थोडं माहीत होतं आणि कशाचाच शेवट माहीत नव्हता. एखादी लढाई कशी पेटली हे ते हातवारे करून सांगायचे. जिंकलं कोण, असं विचारलं की म्हणायचे, "ते पुढच्या फर्म्यात असणार."

त्या वर्षी उंदरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. पुस्तकाच्या कण्याला लावायची खळ पिठाची, आणि उंदरांना ती फार आवडायची. आज बांधलेलं पुस्तक कपाटात ठेवावं, तर उद्या त्याचा कणा कुरतडलेला. पिंजरे लावून झाले. एक मांजर आणून झाली. ती चार दिवस दूध प्यायली आणि पाचव्या दिवशी शेजारच्या घड्याळवाल्याकडे राहायला गेली. विषाचं नाव काढलं की काकू म्हणायच्या, "खळीचं पातेलं नि विषाची पुडी एका खोलीत? तुमचा वेंधळेपणा मला ठाऊक आहे."

अशातच वाचनालयाकडून एक जाडजूड जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं. कुत्र्यांच्या जातींची माहिती होती, आणि दोरा तुटून पानं सुटी झाली होती. दुपारी मी गेलो तर काका सुई हवेत तशीच धरून वाचत होते.

"या, प्रूफवाले, ऐका. टॉय टेरियर. इंग्लंडात दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उंदीर मारायच्या शर्यती लागायच्या. रिंगणात उंदीर सोडायचे नि मागोमाग कुत्रा. अडीच किलोच्या एका कुत्र्यानं तासाभरात दोनशे उंदीर लोळवले!"

"अडीच किलोच्या?"

"छापलंय इथं. तुमच्यासारख्या कुणीतरी तपासलं असेलच की."

"म्हणूनच विचारतोय," मी म्हटलं.

पण काकांचं ठरलं होतं. काकूंचा धाकटा भाऊ औषधं विकत गावोगाव फिरायचा. त्याच्या मागे काकांनी असा लकडा लावला की बिचारा बहिणीकडे यायचाच बंद झाला. तीन आठवड्यांनी तो उगवला. एक निवृत्त शिक्षिका ही जात पाळायच्या. त्या आता लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि लेकीच्या इमारतीत कुत्र्यांना मज्जाव होता. म्हणून त्यांनी आपली शेवटची कुत्री डोळे पुसत पुसत याच्या हवाली केली होती.

"कुठाय?" काकांनी त्याच्या पाठीमागे, मग दाराबाहेर रस्त्यावर पाहिलं.

"ही काय, पिशवीत."

ती जेवणाच्या डब्याची पिशवी होती. मेहुण्याने चेन उघडली. आतून आधी दोन कान वर आले आणि मग कानांच्या मानाने बरीच कमी कुत्री बाहेर आली.

काकू म्हणाल्या, "अगंबाई! बाकीची कुठे राहिली?"

काकांनी हार मानली नाही. त्यांनी फूटपट्टी काढली, कुत्रीला टेबलावर उभं केलं आणि पुस्तकातलं पान शेजारी ठेवून तपासणी सुरू केली. "खांद्यापाशी साडेदहा इंच. बरोबर. कान मेणबत्तीच्या ज्योतीसारखे. बरोबर. अंग काळं कुळकुळीत, डोळ्यांवर तांबूस ठिपके. आहेत. पायाच्या बोटांवर काळ्या रेघा, पेन्सिलीनं ओढल्यासारख्या. आहेत. आणि त्यांच्या वर काळा डाग, अंगठ्याचा ठसा उमटावा तसा. हा बघा, आहे! अस्सल आहे, अस्सल!"

"ती थरथरतेय," काकू म्हणाल्या. "ते लिहिलंय का?"

काकांनी पान उलटलं. फर्मा संपला होता.

तिचे पाय बघून काकूंनीच तिचं नाव टाचणी ठेवलं. आपल्या जुन्या लोकरी मोज्याला चार भोकं पाडून त्यांनी तिला अंगरखा केला. तो घालून टाचणी दिवसभर कागदाच्या कातरणांच्या खोक्यात झोपायची आणि जेवायच्या वेळी उठायची. उकडलेलं अंडं तिला विशेष आवडायचं. तिकडे उंदरांचं काम व्यवस्थित चालू होतं.

घड्याळवाल्याला तर पर्वणीच. तो डोळ्याला भिंग लावूनच दुकानात यायचा. "काका, तुमचा वाघ कुठाय? भिंग आणलंय मी."

एका दुपारी आमच्या सगळ्यांच्या देखत एक उंदीर टेबलाखाली आला. टाचणी उठली. कान ताठ झाले. आम्ही श्वास रोखला. तिने उंदराकडे नीट पाहून घेतलं आणि काकांच्या मांडीवर जाऊन बसली.

"अंदाज घेतेय," काका म्हणाले.

"उंदरानं घेतला," घड्याळवाला म्हणाला.

काकांच्या मते दोष टाचणीचा नव्हताच. तिच्या पूर्वजांना रिंगणाची सवय, आणि इथे रिंगण कुठे होतं? दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड पुठ्ठ्याचं फूटभर उंच गोल कुंपण केलं, त्यात टाचणीला ठेवलं आणि पिंजऱ्यात सापडलेला एक उंदीर आत सोडला. उंदीर एका उडीत कुंपणाबाहेर पडला आणि घड्याळवाल्याच्या बुटावरून पसार झाला. घड्याळवाला खुर्चीवर चढला. रिंगणात टाचणी एकटीच उभी राहिली आणि आता पुढे काय, अशा नजरेने काकांकडे पाहू लागली. त्या दिवसानंतर काकांनी शर्यतीचा विषय काढला नाही.

मग एकदा, पहिल्या थंडीच्या सुमाराला, मी प्रुफं देऊन निघत होतो आणि काका म्हणाले, "टाचणी कुठे गेली हो?"

खोकं रिकामं होतं. टेबलाखाली, मशीनमागे, कुठेच नव्हती. इतक्यात कपाटाच्या मागून बारीक गुरगुर ऐकू आली. खालच्या कोपऱ्यातली फळी कुजून दोन मुठींएवढं भोक पडलं होतं आणि त्या भोकाच्या कडेला लोकरीचा धागा अडकलेला होता. आत चीची, धडपड, पुन्हा चीची. आणि मग एकदम शांत.

"टाचणे!" काका ओरडले.

"आधी पुस्तकं काढू," मी म्हटलं. पण काकांनी ऐकलंच नाही. हा माणूस पुस्तक पालथं ठेवलं तरी रागवायचा. तोच दोन्ही हातांनी फळ्या रिकाम्या करून पुस्तकं मागे भिरकावू लागला. एक ज्ञानकोश माझ्या पोटरीवर बसला. काकू धावत खाली आल्या आणि काही न विचारता त्याही पुस्तकं ओढू लागल्या. मग काकांनी पहार उचलली आणि तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी केलेल्या कपाटाची पाठ फोडली.

मागच्या भिंतीतून दोन विटा निखळल्या होत्या. त्या पोकळीत कागदाच्या भुग्याचं हे एवढं घरटं होतं आणि घरट्यापुढे टाचणी उभी होती. अंगरखा अर्धा उसवलेला, मिशांना जाळं लागलेलं, तोंडात जवळजवळ तिच्या अर्ध्या लांबीचा उंदीर. बाजूला चार पडले होते. तोंडातला पाचवा तिने खाली टाकला. तेवढ्यात सहावा आमच्या पायांतून पळाला. टाचणी त्याच्या मागे पुस्तकांच्या ढिगावर चढली, त्याला तिथेच गाठलं आणि ढिगावरून खाली उडी मारली.

पडता पडताच ती केकाटली. मागचा एक पाय तिने वर उचलून धरला, तो खाली टेकवेना.

काकांनी तिला छातीशी घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "दोनशे नकोत गं मला. सहा पुरेत. सहा खूप झाले."

तसेच आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी टाचणीचा पाय हलकेच ताणला, गुडघा चाचपला आणि अंगठ्याने काहीतरी दाबलं. टक् असा आवाज झाला. टाचणीने पाय खाली टेकवला.

"गुडघ्याची वाटी सरकली होती. लहान जातींमध्ये हे होतं. उडी मारली का हिनं?"

"उंदराच्या मागे," काका अभिमानाने म्हणाले. "हिची जातच उंदरांसाठी..."

"एकेकाळी होती. शर्यती बंद झाल्या आणि लोकांना ही कुत्री मांडीवर हवी झाली. जितकी लहान तितकी कौतुकाची. लहान करता करता ती इतकी नाजूक झाली की पिल्लं जगणं मुश्किल झालं. पुढे काही समजूतदार लोकांनी सावरलं, पण आजही फार थोडी उरलीत. हाडं काड्यांसारखी असतात, उंचावरून उडी मारू द्यायची नाही. अंगावर चरबी नाही, तेव्हा थंडीत ऊब हवी. जबडा लहान आणि दात मात्र पूर्ण बेचाळीस, म्हणजे दाटी होते, किडतात. रोज दात घासायचे."

"कुणाचे?" काकांनी विचारलं.

"हिचे."

काकांनी टाचणीचा ओठ वर करून दात पाहिले.

"हे सगळं जातीच्या कुठल्याही पुस्तकात असतं. आरोग्याचा भाग वाचला नाहीत का?"

"अहो, यांनी एकच फर्मा वाचलाय," काकू म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

त्या आठवड्यात वाचनालयाचा माणूस पुस्तक न्यायला तीनदा आला आणि तीनदा रिकाम्या हाताने गेला. काकांनी आरोग्याचा भाग ओळ अन् ओळ वाचला, मला पण वाचून दाखवला. अडलेले शब्द डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारले. शेवटी बाईंनीच काकूंना सांगितलं की फोन जरा कमी करायला सांगा.

गवंड्याने भिंतीतली पोकळी विटा-सिमेंटने बुजवली आणि उंदीर गेले. घड्याळवाल्याचं म्हणणं होतं की काम गवंड्याने केलं. काका म्हणायचे, भोक कुणी दाखवलं? या वादाचा निकाल कधीच लागला नाही, पण भिंग लावून येणं मात्र बंद झालं. खुर्चीवर चढलेल्या माणसाला बोलायला फारशी जागा उरत नाही.

काकांनी टाचणीसाठी खुर्चीपर्यंत चार पायऱ्या केल्या, पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवून, वर लाल रेक्झिन. रोज सकाळी शटर उघडलं की ते तिला मांडीवर घेऊन लहानशा ब्रशने तिचे दात घासायचे. मधेच ती ब्रश चावायची, काका दटावायचे, आणि येणारं गिऱ्हाईक दारात उभं राहून वाट बघायचं. थंडीत तिच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली असायची. काकूंनी मोजे संपल्यावर चक्क नवी लोकर आणली.

तिची कीर्ती पसरली होती. एकदा बाजारातला धान्यवाला आला. "काका, गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलाय. तुमची कुत्री दोन दिवस द्या. नीट सांभाळतो."

काकांनी सुई खाली ठेवली. "ती आता कामाला जात नाही."

"दोनच दिवस हो."

"तिच्या गुडघ्याला त्रास आहे. थंडी बाधते. दात नाजूक आहेत. तिला विश्रांती सांगितलीय."

वरून जिन्यात काकूंचा आवाज आला, "माझेही गुडघे दुखतात बरं का! विचारलंय का कुणी?"

धान्यवाला हसत हसत गेला. मग काका उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाले, "कुठला दुखतोय? डावा की उजवा?"

टाचणी पुढे नऊ वर्षं जगली. शेवटी शेवटी तिला चारच दात उरले होते, पण कुस्करून दिलेलं अंडं ती खायची. तिच्यानंतर काकांनी दुसरी कुत्री आणली नाही. काकूंना मात्र ते रोज संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम करायला लावायचे, व्यायामाचं पुस्तक समोर धरून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि काकू वैतागून म्हणायच्या, "एवढं सगळं वाचायला कुणी सांगितलं होतं?"