मंदीला पुरून उरणारे घर

पुण्यावर चालून आलेली प्रत्येक मंदी आपण एकट्याने परतवून लावली, अशी खात्री बाळगणारा माणूस अख्ख्या शहरात एकच असेल आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझे नशीब. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. अर्थशास्त्राचे पुस्तक त्यांनी कधी उघडले नव्हते, पण हे शहर कशावर टिकते हे ते कोणालाही ऐकवत, समोरचा कितीही घाईत असला तरी. "अहो, या गावात कारखाने बसले तर कॉलेजं चालतात, कॉलेजं बसली तर लष्कर आहे, आणि सगळंच बसलं तर पेन्शनर आहेत. ते आधीच बसलेले असतात."

हेच तत्त्व मामांनी सगळ्या गोतावळ्याला लावले होते. नात्यातले प्रत्येक स्थळ त्यांच्या नजरेखालून जाई. पत्रिका ते बघत नसत, दोघांच्या नोकऱ्या बघत. बँकेतल्या मुलीला बँकेतला मुलगा सांगून आला की मामा पोह्यांची बशी तशीच खाली ठेवत. दोघेही मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत, एवढ्याच कारणावरून त्यांनी एका भाचीचे जमत आलेले लग्न मोडले आणि तिला औषधांच्या दुकानदाराकडे दिले. "गाड्या खपायच्या थांबतील, सर्दी थांबणार नाही," हे त्यावरचे त्यांचे म्हणणे. भाची सुखात आहे, हे मात्र मान्य करायला हवे.

अशा माणसापुढे आम्ही दोघे जाऊन उभे राहिलो, तेव्हा मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि ही माझ्या शेजारच्या टेबलावर. मामांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे एकाच दिवशी दोघंही घरी," ते म्हणाले. वडिलांमागे मामांनीच हिला वाढवले होते, त्यांचा शब्द ती मोडणार नव्हती. तरी रीत म्हणून मामा कसब्यातले आमचे घर बघायला आले. खाली माझ्या वडिलांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते, तिथेच त्यांनी बैठक मारली.

"मंदीत काय करता?" त्यांनी वडिलांना विचारले.

"मंदीत लोक नवं भांडं घेत नाहीत, जुन्याचे पोचे काढून घेतात. ठोकायचं काम काही थांबत नाही."

"आणि वहिनी?"

"महापालिकेच्या शाळेत शिकवते."

मामा इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा चहा मागितला. घरी गेल्यावर हिला म्हणाले, "मुलगा ठीकच आहे. घर भक्कम आहे. दे होकार."

लग्नानंतर दोनेक वर्षांतच ती मोठी मंदी आली आणि मामा म्हणाले होते तसे आम्ही एकाच दिवशी घरी बसलो. खराडीचे भाडे झेपेना, म्हणून कसब्यात राहायला आलो. आईचा पगार चालू होता, दुकानात पोचे पडलेल्या भांड्यांची रास होती. ही हॉटेलवाल्यांकडून ऑर्डरी मिळवू लागली, मी भांडी पोहोचवू लागलो. मामा आले ते "मी म्हणालो नव्हतो का" हे ऐकवायलाच. अगदी चवीने ऐकवले. मग आईने पाने घेतली आणि आम्ही सगळे दाटीवाटीने जेवायला बसलो.

जेवता जेवता मामा एकेकाच्या पानाकडे बघू लागले. त्यांनी आपली तिन्ही मुले तीन वेगळ्या धंद्यांत घातली होती आणि त्या धंद्यांपायी ती तीन वेगळ्या गावांना गेली होती. एकाही मंदीला ती एकदम सापडली नाहीत, आणि दिवाळीलाही नाही. मामी गेल्यापासून मामा एकटेच जेवत. मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल वाईट वाटले.

"रोज असंच जेवता?" त्यांनी आईला विचारले.

"हो, जागा कमी पडते खरी," आई म्हणाली.

"मामा, रविवारी जेवायला येत चला," मी म्हणालो.

"रविवारीच का?" त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे न बघता भात कालवत राहिले.