दलालाची भूमिका

आमच्या चर्चच्या तरुण मुलांनी आठवडी बाजारात पथनाट्य केलं. कामाच्या आमिषाने मुली नेऊन विकतात, सावध राहा, एवढंच सांगायचं होतं. दलालाची भूमिका अर्थातच माझ्याकडे आली. एवढ्या झुबकेदार मिशा वाया कशाला घालवायच्या! मुलांनी हात धरून प्रार्थना केली आणि मी आवाजात मध ओतला, "चल बाळा, शहरात काम आहे, राहायला खोली आहे. मला मामाच समज!" काय रंगलो म्हणून सांगू!

खेळ संपला. मी टाळ्या मोजत घाम पुसत होतो, तेवढ्यात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी जवळ आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मामा, मला न्याल?"

"अगं, नाटक होतं ते!"

"कळलं की. पण तुम्ही चांगले वाटता."

आमच्या नाटकातली रूथ लगबगीने पुढे झाली. "जेवलीस का गं? चल, आधी खाऊन घेऊ." खरा दलालही असाच मायेने विचारत असेल.

मुलगी हसली आणि रूथच्या मागे चालू लागली. ही कोण, कुठे नेते, तिने काहीच विचारलं नाही.