मुका पाव्हणा

दुसऱ्याच्या मदतीचा माझ्या दाजींइतका मनापासून तिटकारा करणारा आणि तो तिटकारा दाखवायला दर रविवारी पाहुण्याला लांबून बोलावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आणे गावच्या पठारावर विहिरींच्या मोटरी दुरुस्त करायचे. म्हणजे लोक मोटरी आणून टाकायचे आणि दाजी विमानं दुरुस्त करायचे. हे वेड कॉलेजातल्या कुठल्याशा शिबिरात लागलं होतं. दीड हाताचं लाकडी विमान, नाकावर अंगठ्याएवढं इंजिन आणि एका पंखातून निघालेल्या पन्नास फुटी दोन तारा. मधोमध उभं राहून त्या तारांची मूठ धरायची, विमान भोवती घिरट्या घालणार आणि त्याच्याबरोबर स्वतः गरगरायचं. इंजिनाला रॉकेल, ईथर आणि एरंडेल लागे. ताईच्या घरच्या चटणीलासुद्धा एरंडेलाचा वास यायचा.

अडचण एकच होती. इंजिन सुरू करायचं विमानापाशी आणि मूठ पडलेली वर्तुळाच्या मध्यावर. दाजी तिथवर पोचेपर्यंत विमान कुणीतरी धरायला हवं. नव्वदच्या दशकात हा मान मला मिळाला, कारण मी कळंबला शिक्षक, म्हणजे दाजींच्या मते कायमचा रिकामा. पहिल्याच दिवशी दाजी अर्ध्या वाटेत असताना मी शिष्टाचार म्हणून विचारलं, "दाजी, सोडू का?" ते ओरडले, "सोडू नका!" त्यातलं 'नका' इंजिनाने खाल्लं. उरलेली आज्ञा मी तत्परतेने पाळली. विमान मूठ फरफटत नेऊन खडकावर आपटलं. सहा महिन्यांची मेहनत होती. दाजी चुरा गोळा करत एवढंच म्हणाले, "पाव्हणं, तुमी लई शिकलेलं राव."

त्यानंतर त्यांनी ठरवलं, पुन्हा कुणाचा हात विमानाला लागू द्यायचा नाही. शेळी बांधायची लोखंडी मेख जमिनीत ठोकली, तिला विमानाची शेपटी अडकवायचा आकडा केला आणि आकड्याचा दोर मध्यापर्यंत नेला. आधी मूठ धरायची, मग दोर ओढायचा. या यंत्राचं नाव त्यांनी माझ्यासमोरच ठेवलं, 'मुका पाव्हणा'. "ह्यो इचारत न्हाई, सोडू का म्हणून."

पहिल्या उड्डाणात मुका पाव्हणा मेखेसकट विमानाबरोबर गेला. ताई ओट्यावरून ओरडली, "आता घरची शेळीबी उडवा!" पुढच्या खेपेला दोर दाजींच्या पायात अडकला. ते उताणे पडले, पण मूठ सोडली नाही, पडल्यापडल्याच एक फेरी मारून म्हणाले, "आसं बी जमतं म्हणायचं." अशी आठ-दहा वर्षं गेली. मी दर खेपेला विचारी, "दाजी, एकदा धरू द्या ना." उत्तर ठरलेलं, "तुमी बाभळीखाली थांबा. तुमचं काम तिकडंच."

झाडाखाली माझं काय काम, हे एकदा मी चिडूनच विचारलं. दाजी तारा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "फिरताना इमानामागलं समदं रान पुसलं जातं वो. तुमचा पांढरा सदरा दिसला की कळतं, एक फेरी झाली." तर इतकी वर्षं दोन एस.टी. बदलून मी मैलाच्या दगडाचं काम करत होतो.

दाजी गेले त्यानंतर महिन्याभराने ताईने विमान आणि मेख माझ्यापुढे ठेवली. "उडवून बघ," म्हणाली, "मोडलं तर मोडलं." मला विमान उडवायला कुणी शिकवलं नव्हतं, बघून जेवढं आलं तेवढंच. मेख ठोकली, इंजिन सुरू केलं, चालत मध्यावर गेलो, मूठ धरली आणि दोर ओढला. मुक्या पाव्हण्याने काही न विचारता विमान सोडलं. यंत्रात काडीची खोट नव्हती. मदतनिसाची खरोखरच गरज नव्हती.

विमानामागून बाभूळ येत होती, जात होती. तिच्याखाली कुणीच नव्हतं. किती फेऱ्या झाल्या, ते मला मोजता आलं नाही.