उभं राहता येईल असा तंबू

माणसाच्या निवाऱ्याचा इतिहास हा त्याच्या स्वातंत्र्याचा इतिहास आहे, असं मी तंबू घ्यायचं ठरवताना बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "त्यात उभं राहता येतं का?"

प्रश्न वाजवी होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने बाहेरगावी जाणंच सोडलं होतं. पुण्याजवळच्या रिह्याच्या खोऱ्यात ओळखीच्या घराशेजारी तंबू ठोकून एक रात्र राहायला ती तयार झाली, ती एकाच अटीवर. रांगत आत शिरायचं आणि बसून साडी बदलायची, असा तंबू असेल तर मी एकट्यानेच जायचं. एकट्याने डोंगर बघण्यात मला रस नाही. डोंगराला नावं ठेवायला सोबत कोणीतरी लागतं.

पुण्यातल्या दुकानातला विक्रेता गंभीर चेहऱ्याचा होता. आम्ही हिमालयात निघालोय, असं त्याने गृहीत धरलं होतं. एक तंबू चार ऋतूंचा होता. आपल्याकडे ऋतू शाळेत सहा शिकवतात आणि प्रत्यक्षात तीन येतात, त्यामुळे तो बाद झाला. घुमटाचा डोम खुंट्यांशिवाय उभा राहतो, पण आत माणूस राहत नाही उभा. बोगद्यासारखा टनेल लांबलचक, पण मान वाकवावीच लागते. शेवटी केबिन आला. सरळ भिंती, उंच छत, थेट खोलीच. याला वारा फार लागतो, सगळ्या खुंट्या नीट ठोका, असं विक्रेत्याने बजावलं. बायको दुकानातच आत जाऊन उभी राहिली, हात वर करून बघितले आणि म्हणाली, "हाच."

रिह्याला पोचलो तेव्हा भात कापणीला आलं होतं. घराशेजारी एक देखणी जागा होती. सपाट, टणक, शेणाने सारवलेली, खडा म्हणून नाही. शहरी माणसाला ती पाहुण्यांसाठी केल्यासारखी वाटावी. मी पहिली खुंटी टेकवून हातोडा उचलला, तोच घरमालकीण वहिनी पडवीतून आल्या.

"भाऊ, खळं हाय ते. भोकं पाडल्यावर भात कुटं झोडायचं, तुमच्या तंबूत व्हय?"

बायको इतकी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं. हे खळं करायला त्यांचे किती दिवस गेले, हे वहिनींनी मला तपशिलात ऐकवलं, आणि मग गोठ्यामागची जागा दाखवली. तिथे खुंट्या आत गेल्या, तंबूही उभा राहिला. गावातली चारदोन माणसं बघून गेली. हितं लगीन हाय का, असं एकाने विचारलं.

जेवणानंतर बायको तंबूत गेली, ताठ उभी राहून साडी बदलली आणि प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आली. छताची उंची आम्ही दोघांनी मिळून तपासली होती. झोपायचं मात्र जमिनीवर असतं, आणि जमिनीवर बसायला तिला डॉक्टरांची मनाई होती, हे तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. ती पडवीतल्या खाटेवर झोपली.

सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "पुन्हा येऊ या. तंबू आणायचाच. कपडे बदलायला फार बरा आहे."

तेव्हापासून आम्ही दर हिवाळ्यात जातो. तंबू गोठ्यामागे उभा करतो. ती खाटेवर झोपते. मीही.