अक्का आणि माझी मुलाखत

तुरुंगाने मला लेखक केलं, असं लोक कौतुकाने म्हणतात. मला राग येतो. कादंबरी मी लिहिली, तुरुंगाने फक्त डास पुरवले! एका आंदोलनाच्या केसमध्ये काही वर्षं आत काढली, शेवटी निर्दोष सुटलो आणि तिथे लिहिलेली कादंबरी छापून आली.

जळगावच्या एका वाचनालयाने तिच्यावर कार्यक्रम ठेवला. मी हौसेने धुळ्याला थोरल्या बहिणीला फोन लावला. "अक्का, शनिवारी माझी मुलाखत आहे. ये."

पलीकडून हुंदका आला. "आते काय करं रे भाऊ तू?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तुरुंगात कैद्याच्या भेटीला मुलाखतच म्हणतात. अक्का इतकी वर्षं एसटीचे धक्के खात 'मुलाखतीला' यायची, दारावर आधार कार्ड दाखवायची, काचेपलीकडून फोनवर बोलायची. वेळ संपली की फोन बंद पडायचा आणि ती अर्धं वाक्य तोंडात घेऊन परत जायची. मुलाखतीचा दुसरा अर्थ तिला ठाऊकच नव्हता.

मी हसत हसत स्टेज, माईक, हारतुरे सगळं समजावलं. तिला ते पटेना. पोलीस मला घेऊन गेले तेव्हाही तिला 'जरा चौकशी आहे, संध्याकाळी परत येतील' असंच सांगितलं होतं, आणि ती संध्याकाळ काही वर्षांनी उगवली.

"मी दारजोडे बठसू," ती म्हणाली. "तू बाहेर ये, मंग मानसू."

शनिवारी आली. दारातल्या मुलीने गुलाबाचं फूल पुढे केलं, तर अक्काने तिच्या हातात आधार कार्ड ठेवलं. मग खरोखरच दाराजवळची खुर्ची धरून, मांडीवर डबा घेऊन बसली.

मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुरुंगात सर्वांत जास्त उणीव कशाची भासली?" स्वातंत्र्यावर मी चार वाक्यं तयार करून आणली होती. तोंडातून निघालं, "वांग्याच्या भरताची."

"आणेल शे ना!" दाराजवळून अक्काने डबा उंचावला.

सभागृह खो खो हसलं. मीही हसलो, पण माझे डोळे भरून आले. आत असताना तिचा डबा दारावरूनच परत जायचा.

शेवटी निवेदिका म्हणाली, "वेळ संपली आहे." अक्का सवयीने ताडकन उठली. पदर सावरला आणि घाबरून माझ्याकडे बघत राहिली. आभार, फोटो सगळं बाजूला ठेवून मी स्टेजवरून उतरलो आणि तिच्याकडे गेलो. तिने माझं मनगट घट्ट धरलं, आणि आम्ही एकाच दारातून बाहेर पडलो.

रस्त्यावर आल्यावर तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग डबा माझ्या हातात दिला.

"आशी मुलाखत रोज दे, भाऊ."