एक लगीन, दोन कॅमेरे

माझ्या धाकट्या भावाचं लग्न दोनदा झालं. दोन्ही वेळा एकाच मुलीशी, एकाच दारात, आणि दोन्ही वेळा मुलगी राजीखुशीनं उभी राहिली. दुसऱ्या लग्नाला कारण मी.

मी तेव्हा चारठाण्याला मास्तर होतो आणि माझ्याकडे कॅमेरा होता. साधा डबा नव्हे! भिंगातून दिसेल तेच फोटोत उतरवणारा, लेन्स काढता-घालता येणारा, रशियन! एका मित्राकडून जुना घेतलेला. नामांतराच्या मोर्चांत मी तो गळ्यात घालून चालायचो आणि लोक मला वर्तमानपत्रवाला समजून वाट करून द्यायचे. (माझ्या फोटोंत घोषणा देणाऱ्यांच्या पाठीच जास्त यायच्या, पण वर उगारलेल्या मुठी मात्र सगळ्या स्पष्ट!)

त्यामुळं मिलिंदचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं लगीन झरीला आमच्याच दारात करायचं ठरलं, तेव्हा मी छाती पुढं काढली. आमचे वडील, आबा, परभणीच्या स्टुडिओवाल्याला सांगावा धाडायच्या बेतात होते.

"आबा, घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?"

आबांनी घरात चौफेर नजर फिरवली. "कोन हाय?"

तरी मी हट्ट धरला आणि स्टुडिओवाला रद्द झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझी थोरली बहीण, अक्का, आणि तिचे यजमान पुण्याहून आले. दाजी तिकडं कारखान्यात फोरमन. त्यांनी हातपाय धुवायच्या आधी पिशवी उघडली, आणि आतून निघाला जपानी कॅमेरा. नवा कोरा!

"मास्तर, धरून तर बगा. लोनी हाय, लोनी!"

मी धरला. अहाहा! काय सांगू! उजव्या बाजूला रबरी उंचवटा होता, त्यावर बोटं न सांगता जागच्या जागी जाऊन बसली. रोल पुढं सरकवायचा खटका अंगठ्याच्या नुसत्या इशाऱ्यानं सरकला. बटण दाबलं तर आवाज फक्त 'च्यक्'. माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की लोखंडी पेटीचं झाकण पडल्यासारखा आवाज यायचा आणि फोटो काढून घेणारा माणूस हमखास डोळे मिटायचा. माझा खटका सरकवायचा म्हणजे हापशावर पाणी काढल्यागत खांद्यापासून जोर लावावा लागायचा.

मनातून मी पार विरघळलो होतो. तोंडानं म्हणालो, "खेळनं वाटायलंय हो दाजी. हातात काही हाय असं वाटाया नको का?"

दाजींनी माझा कॅमेरा उचलला आणि त्यांचा हात खाली गेला. "हे काय? फोटो काढायचं हाय का मिरच्या वाटायच्या?"

झालं! हळदीच्या घरात दोन तट पडले. जो येईल त्याच्या हातात आम्ही दोन कॅमेरे द्यायचो आणि विचारायचो, "खरं सांगा, हाताला कोन्ता बरा लागतो?" आबांनी एका हातात रशिया, दुसऱ्या हातात जपान घेऊन टरबुजं पारखावीत तसे वरखाली केले. "वजनाला मास्तरचं पक्कं हाय," ते म्हणाले. मी उड्या मारल्या. माय हळद कालवता कालवता आली. तिनं माझा धरला. "हे पडलं तर फरशी फुटंल, ह्याला काय व्हायचं न्हाई." मग दाजींचा धरला आणि तिचा चेहराच बदलला. "अगं बाई! हे तर तान्ह्या लेकरावानी हाय. मांडीवर घिऊन बसावं वाटतंय!"

"बगा!" दाजी ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं की लेकराला नखशिखान्त हळद लागली आहे, आणि ते रुमाल शोधत पळाले.

नवरदेव पाटावर बसून केव्हाचा ताटकळला होता. "दादा, लगीन माजं हाय का कॅमेऱ्याचं?"

शेवटी अक्का कडाडली. "एवढी खुमखुमी हाय ना? मग उद्या अदलाबदल करा! ह्यांनी तुजा घ्यायचा, तू ह्यांचा घ्यायचा. कळू दे कोनाला काय येतंय!"

तिथंच दोघांपैकी एकानं हसून सोडून दिलं असतं तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. पण आम्ही दोघांनीही मान ताठ करून "चालंल!" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरी सुजाता पांढऱ्या साडीत, मान खाली घालून उभी. पोरगी इतकी लाजाळू की काहीही विचारलं तरी नुसती मान हलवायची. मी जपान घेऊन एका बाजूला, दाजी रशिया घेऊन दुसऱ्या बाजूला. दोन्ही कॅमेऱ्यांना फ्लॅश!

माझ्या कॅमेऱ्याची एक खोड होती. फ्लॅश लावला की वरची चकती एका ठरावीक आकड्यावरच ठेवावी लागायची. दाजींनी ती भलत्याच आकड्यावर नेलेली मला दिसली.

"दाजी, ती चकती जरा—"

"मास्तर, मला शिकवायलाव का?"

इकडं मी जपानचा खटका ओढला. अंगठ्याला सवय हापशाची! आतून 'कर्रर्र' असा बारीक आवाज आला.

"मास्तर, हळू! नाजूक हाय तो—"

"दाजी, मला शिकवायलाव का?"

दाजींनी रशिया डोळ्याला लावला.

त्यानंतर खटका असला मऊ चालायला लागला की विचारू नका! मला वाटलं, आता ह्याचा माझा सूर जुळला. पंचशील झालं, च्यक्. एकमेकांना हार घातले, च्यक्. फुलं उधळली, माय रडली, आबांनी फेटा सावरला, पंगती बसल्या, च्यक् च्यक् च्यक्! मी खुर्चीवर चढलो, चटईवर आडवा झालो, एकदा तर मांडवाच्या खांबाला लटकून टिपलं. रोल काही केल्या संपेना. जपानी माल, मी मनात म्हटलं, बरकत आहे!

आठवड्याभरानं दोन्ही रोल धुवायला परभणीला नेले. गावात चांगलं धुणारा एकच, मी रद्द केलेला स्टुडिओवाला. तो आतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला आणि त्यानं ओला रोल उजेडाकडं धरला.

"सर, हे लग्नच होतं ना?"

दाजींनी काढलेला प्रत्येक फोटो अर्धा होता. चकतीच्या पायी अर्ध्या भागात प्रकाश पोचलाच नव्हता. इकडं मिलिंद हसतमुखानं हार घालतोय, पलीकडं नुसता काळोख. सगळ्या फोटोंत माझा भाऊ अंधाराशी लगीन लावत होता!

आणि माझा रोल? त्यात एकच फोटो होता. माझ्या पहिल्याच हिसक्याला रोलच्या कडेची भोकं फाटली होती. खटका फिरत होता, बटण दाबलं जात होतं, पण रोल जागचा हलला नव्हता. सगळं लगीन एकावर एक, एकाच चौकटीत! पांढऱ्या धुक्यात मिलिंदला तीन कान, मायच्या कपाळातून निघालेला हार, आणि आबांच्या पोटात जेवायला बसलेली पंगत.

घरी आबांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "पोटातली पंगत तेवढी खरी वाटतीया," एवढंच बोलले.

मी हसायच्या तयारीत होतो. पण माय पदर तोंडाला लावून बसली होती.

"आमच्या लग्नाचा फोटो न्हाई," ती म्हणाली. "तुज्या लग्नात पावसानं वाट लावली. म्हनलं, शेवटलं लगीन हाय, सुनंनं हार घातलेला एक फोटो समोरच्या भिंतीला लावीन. मोकळी जागा ठिवली होती."

भिंतीवर खिळासुद्धा ठोकलेला होता. माझं हसू जिथल्या तिथं आटलं.

"माय," मी म्हणालो, "परत लावू लगीन!"

कल्पना सुचली आणि मला असा हुरूप चढला की मी त्याच पावली परभणी गाठली. स्टुडिओवाल्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्यानं रविवार दिला. अक्का-दाजींना तार केली. तेच कपडे, तसेच हार, भाड्यानं आणलेला मांडव! गुपचूप उरकायचं ठरलं होतं. पण झरीत मांडव गुपचूप कसा उभा राहणार? सकाळपासून दारात माणसं जमली.

"पयलं मोडलं काय हो मास्तर?"

"मोडलं न्हाई. दिसंना!"

कुणी आहेर घेऊन आलं. वाजंत्रीवाले न बोलावता आले आणि वाजवायलाच लागले. माय गर्दीकडं बघून घाबरली, मग पदर खोचून तिनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. तिच्या तोंडावर पहिल्या लग्नापेक्षा जास्त आनंद होता. दाजी आले, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या आकड्याचं सांगायचं होतं की वो आधी." मी काहीच बोललो नाही. काही काही वेळा मोठेपणा जमतो मला.

स्टुडिओवाल्यानं सगळ्यांना नीट उभं केलं. सुजातानं हार उचलला, मायनं श्वास रोखला. तेवढ्यात त्याच्या फ्लॅशची वायर निसटली. वायर नीट करायला दोन्ही हात हवे होते. त्यानं गळ्यातला कॅमेरा काढला आणि शेजारी मी उभा होतो म्हणून माझ्यापुढं केला.

"सर, एवढं जरा धरता का?"

"त्यांच्या हातात नका देऊ!"

वाजंत्री थांबली. सगळे वळून बघायला लागले. हार घेतलेले दोन्ही हात उंच धरून, लग्न झाल्यापासून एक अक्षर न बोललेली आमची नवी सून एवढ्या जोरात ओरडली होती!

फोटो सुरेख आला. मायच्या भिंतीवर अजून आहे. त्यात मीही कडेला दिसतो. कॅमेऱ्याऐवजी त्यांनी मला एक छत्री धरायला दिली होती. मिटलेली. हाताला मात्र झकास बसत होती.